पायथनवर हात बसवण्याविषयी मित्रास पत्र

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. बी.एस्सी.चा निकाल चांगला लागला हे वाचून फार आनंद झाला. काका-काकूंना माझा नमस्कार सांग. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेचा अभ्यासक्रम पूर्ण झाला, प्रमाणपत्रही हाती आले, तरी कोरी फाईल उघडली की काही सुचत नाही, तेव्हा आता जावा घ्यावी की जावास्क्रिप्ट, असे तू विचारले आहेस. पुढची काही वर्षे कशी जातील हे या निर्णयावर बरेचसे अवलंबून आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझे मत स्पष्ट आहे. पुढचे वर्षभर दुसरी कोणतीही भाषा हाती घेऊ नकोस. व्हेरिएबल (किमतीला दिलेले नाव), लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणे), फंक्शन (नाव दिलेला कामाचा तुकडा) या गोष्टी बहुतेक भाषांत थोड्याफार फरकाने त्याच असतात. त्यामुळे नवी भाषा घेतली की पहिले काही आठवडे आपण भराभर पुढे जात आहोत असे वाटते, आणि खरी अडचण जिथे सुरू होते तिथवर पोहोचण्याआधीच आपण तिसऱ्या भाषेचे पहिले प्रकरण उघडलेले असते. कोरी फाईल पाहून तुझे हात थांबतात त्याचे कारण पायथन अपुरी आहे हे नाही. ती तुझ्या अंगवळणी पडलेली नाही, आणि जावा घेतल्याने ती पडणार नाही.

भाषा येते की नाही हे ओळखण्याची माझी कसोटी अशी आहे की, प्रोग्राम चालवण्याआधी तो काय करील हे ठामपणे सांगता आले पाहिजे. त्यासाठी एक सवय आजपासून लाव. चार-पाच ओळींचा प्रोग्राम लिही, त्याचे उत्तर काय येईल ते वहीत लिहून ठेव आणि मगच तो चालव. उत्तर जुळले तर पुढे जा. जुळले नाही तर तिथेच थांब, कारण तुझ्या मनातली पायथन आणि खरी पायथन जिथे वेगळ्या पडतात नेमकी ती जागा तुला सापडलेली असते. उदाहरणार्थ, एक लिस्ट, म्हणजे क्रमाने ठेवलेल्या नोंदींची यादी, घे, तिला दुसरे नाव दे आणि त्या दुसऱ्या नावाने तिच्यात एक आकडा वाढव. आता पहिल्या नावाने ती छापली तर काय दिसेल? जुनीच लिस्ट दिसेल, असे पुष्कळ जण लिहितात, पण पडद्यावर वाढवलेला आकडा येतो, कारण पायथनमध्ये नाव दिल्याने प्रत तयार होत नाही, एकाच लिस्टला दोन नावे मिळतात. हे पटले की याच्या पुढचा प्रयोग कर: फंक्शनच्या पॅरामीटरला (त्याला बाहेरून मिळणाऱ्या किमतीच्या नावाला) डिफॉल्ट म्हणून, म्हणजे काही न दिल्यास वापरायची किंमत म्हणून, रिकामी लिस्ट दे, फंक्शनच्या आत तिच्यात एक नोंद घाल, ती परत कर आणि काहीही न देता तेच फंक्शन तीनदा बोलाव. तिसऱ्या वेळी लिस्टमध्ये तीन नोंदी निघतात. डिफॉल्ट किंमत फंक्शनची व्याख्या होते त्या वेळी एकदाच तयार होते आणि पुढे दरवेळी तीच लिस्ट वापरली जाते. हा प्रश्न मुलाखतीत नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर पाठ करणारे पुष्कळ असतात, परंतु प्रश्न थोडा फिरवून विचारला की पाठांतर कामाला येत नाही.

अशा छोट्या प्रयोगांनी समज पक्की होते. हात बसण्यासाठी मात्र एखादे खरे काम लागते, आणि ते दुसऱ्या कोणाला तरी हवे असलेले काम असावे. तुझ्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात देवघेवीची नोंद अजून वहीतच होते, असे तूच मागे लिहिले होतेस. त्यांच्यासाठी देवघेवीचा प्रोग्राम लिही. कोणते पुस्तक कोणत्या सभासदाकडे आहे, कधी नेले, कधी परत यायला हवे, एवढ्यापासून सुरुवात कर. आधी सगळा हिशेब साध्या सीएसव्ही फाईलमध्ये (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींच्या मजकूर फाईलमध्ये) ठेव. ती अपुरी पडू लागली की एसक्यूलाईट या छोट्या डेटाबेसकडे जा, जो वापरण्याची सोय २००६ पासून, म्हणजे २.५ या आवृत्तीपासून, पायथनसोबतच येते. फाईल अपुरी का पडते हे अनुभवल्यावर डेटाबेस शिकणे आणि अभ्यासक्रमात आहे म्हणून डेटाबेस शिकणे यांत फार अंतर आहे.

या कामात मराठी मजकूर येणार, आणि तिथे भाषेची खरी ओळख होईल. ग्वीदो व्हान रॉसम यांनी पायथन प्रथम १९९१ मध्ये प्रसिद्ध केली; डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा, युनिकोड (जगातल्या लिप्यांतील अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) झाली, म्हणून आज देवनागरी नावे सहज हाताळता येतात. (दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली आहे, तेव्हा कंसाशिवाय प्रिंट लिहिणारे जुने व्हिडिओ सरळ सोडून दे.) तरीही ‘स्त्री’ या शब्दाची लांबी विचारलीस तर पायथन सहा सांगेल, कारण ती स, त, र ही तीन व्यंजने, दोन हलन्त आणि एक वेलांटी असे सहा घटक मोजते. ग्रंथपालांनी सभासद क्रमांक कधी देवनागरी अंकांत आणि कधी इंग्रजी अंकांत टाईप केला, तर स्ट्रिंग म्हणून ते दोन क्रमांक जुळणार नाहीत आणि सभासद सापडणार नाही. दोन्हींचे आधी पूर्णांकात रूपांतर केलेस तर मात्र पायथन दोन्ही अंक ओळखते आणि उत्तर एकच येते. पुस्तकांची यादी अकारविल्हे लावायला गेलास की आणखी एक पेच पडेल. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो, तर शाळेत शिकलेल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर, त्यामुळे ‘काळ’ने सुरू होणारे शीर्षक ‘कावळा’च्या आधी लागेल आणि ग्रंथपाल ते चुकीचे म्हणतील. त्यांचे म्हणणे बरोबरच आहे. क्रम ठरवणारे छोटे फंक्शन लिहून ते सॉर्ट करताना कसे द्यायचे हे त्या दिवशी तू शिकशील, आणि ते विसरणार नाहीस.

वर्षअखेरीची ग्रंथपडताळणीही प्रोग्रामकडे सोपव. समज, दाखल नोंदवहीत २०,००० क्रमांक आहेत आणि कपाटांवरून उतरवलेल्या यादीतही तेवढेच. दोन्ही लिस्टमध्ये ठेवून एकेक क्रमांक शोधलास तर तुलनांची संख्या ४० कोटींपर्यंत जाऊ शकते, कारण लिस्ट पहिल्या नोंदीपासून शोधत जाते. एक यादी सेटमध्ये, म्हणजे नोंद आहे की नाही हे थेट सांगणाऱ्या संग्रहात, घातलीस की तेच काम पापणी लवते न लवते तोच होते. आधी लिस्टने करून पाहा, वेळ मोज, मग बदल कर. सेटच्या या वेगामागे असलेल्या हॅशिंग या पद्धतीवरचे प्रकरण त्यानंतर वाच.

प्रोग्राम बिघडेल तेव्हा ट्रेसबॅक, म्हणजे चूक कुठे झाली ते दाखवणारा मजकूर, शेवटच्या ओळीपासून वर वाचत जा; चूक कोणत्या प्रकारची आहे ते तळाशी लिहिलेले असते आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या ३.११ पासून ओळीतला नेमका भागही खूण करून दाखवला जातो. जिथे शंका असेल तिथे ब्रेकपॉईंट (प्रोग्राम मध्येच थांबवणारी खूण) लावून व्हेरिएबलच्या किमती पाहा. प्रत्येक दुरुस्तीनंतर त्याच चुकीसाठी पायटेस्ट या चाचण्यांच्या साधनात एक चाचणी लिही आणि बदल गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात नोंदव.

दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम वाचण्याकडे आपली मुले फार दुर्लक्ष करतात, याचे मला खरोखर वाईट वाटते. पायथन बसवली की तिच्या प्रमाण लायब्ररीचा, म्हणजे सोबत येणाऱ्या तयार प्रोग्रामांच्या संग्रहाचा, मोठा भाग पायथनमध्येच लिहिलेला तुझ्या संगणकावर येतो. त्यातील कलेक्शन्स हे मॉड्यूल उघड आणि नोंदी मोजणारा काउंटर कसा लिहिला आहे ते सावकाश वाच. नावे कशी ठेवली आहेत, कोणती शक्यता आधी तपासली आहे, कुठे टीप लिहिली आहे आणि कुठे ती लिहिण्याची गरज वाटलेली नाही, हे पाहताना तुझ्या स्वतःच्या लिहिण्यात आपोआप फरक पडू लागेल.

एआयच्या साधनांविषयीही तू विचारले आहेस. ती मी रोज वापरतो आणि तूही वापरशील. पण पहिले सहा महिने एडिटरमधील आपोआप ओळी पुरवणारी सोय बंद ठेव, कारण ओळ समोर येऊन पडली की ती सुचण्याआधीचा विचार तू करणारच नाहीस, आणि तुला कमी पडते आहे ते तेच. आपला प्रोग्राम चालल्यानंतर तो त्या साधनाला दाखव, दोष विचार आणि सांगितलेला प्रत्येक दोष खरा आहे का हे स्वतः चालवून तपास.

अभ्यासक्रमांचे म्हणशील तर आणखी पैसे घालू नकोस. पायथनचे अधिकृत ट्युटोरियल विनामूल्य आहे, आणि समजावून सांगणारे कोणी हवे असेल तर एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानांच्या मंचावर माधवन मुकुंद यांची पायथनमधून डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम शिकवणारी व्याख्याने आहेत. ती ऐकतानाही वही जवळ ठेव.

देवघेवीच्या प्रोग्रामचा पहिला भाग, म्हणजे पुस्तक देणे आणि परत घेणे एवढाच, तयार झाला की गिटहब या प्रोग्राम ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेव आणि मला दुवा पाठव. मी ओळ न् ओळ वाचून शेरे लिहीन. एक पुस्तक दोन सभासदांच्या नावावर एकाच वेळी लागले तर प्रोग्राम काय करतो, हे मी सर्वांत आधी पाहणार आहे.

तुझा स्नेहांकित मित्र