टिंबर मार्केटातल्या सुतारकाकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं जाहीर. भवानी पेठेत जाणारं कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल. ओळख पटायला खूण सांगते: आठ वर्षांच्या लेकीला घेऊन आलेली, चिरफळी उचललेला तीरकामठा पुढे धरून "याला जरा व्हार्निश मारून द्या ना" म्हणणारी बाई. तीच मी.

तुम्ही कामठा उजेडाकडे धरलात आणि पहिलाच प्रश्न टाकलात, "ताई, याला तेल कुणी लावलं?" मीच लावलं होतं. जवसाचं, दोन हात, मोठ्या हौसेनं. लाकूड धामणीचं, मामांनी भोरकडून आणून दिलेलं. (धामण म्हटल्यावर लेकीच्या वर्गाला साप आठवला, त्यामुळे आमच्याकडे सापाचं धनुष्य आहे अशी बातमी शाळाभर आहे.) एवढं लवचीक लाकूड, त्यात बिघडायचं काय, असं मला वाटत होतं.

तुम्ही ओरडला नाहीत, हसलाही नाहीत. पाठ आणि पोट दाखवलंत. नेम धरताना समोर राहते ती पाठ, आपल्याकडे येतं ते पोट. वाकताना पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. पाठीवरचा रेशा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग पाहिजे. मी नेमका तिथेच रंधा चालवून तो कापून ठेवला होता, म्हणून चिरफळी सुटली. "आता कोरायचं ते पोटाकडूनच. पाठीला अस्तर." आणि तेलावर फेविकॉल धरत नाही, तेव्हा आधी तेल लागलेला थर खरवडा. माझी हौस अशी तासाभरात भुशात गेली.

अस्तराला काय घेऊ विचारलं तर म्हणालात, घरात जुनं रेशीम असेल ते. आजोबांचं सोवळ्याचं कद ट्रंकेत विरत पडलं होतं. त्यातला धड भाग लांबीच्या धाग्यांवर कापला, कारण ओढ त्याच दिशेला असते. चिरफळीच्या खाली गोंद भरून ती दोऱ्यानं आवळून वाळवली, मग दोरा सोडून घासली. फेविकॉल थोडं पाणी घालून सैल केलं, लाकडाला आणि कापडाला दोन्हीकडे लावलं, आणि मधून टोकांकडे अंगठ्यानं दाबत बुडबुडे काढले. एक बुडबुडा राहिलाच, खालच्या टोकाशी. तो तुम्हाला दाखवायची लाज वाटते. चार दिवस दोरी चढवली नाही. कडा घासताना पॉलिश पेपर कापडाकडून लाकडाकडे ओढायचा, नाहीतर कड उचलते, हेही तुमचंच.

पण खरी मेहनत पुढे होती. कामठ्याचा मुठीच्या वरचा भाग वाकायचा, खालचा ताठ. तुम्ही दिलेल्या फुटक्या काचेनं पोटाकडून चार ओढी मारायच्या, वाकवून बघायचं, पुन्हा चार. तीन संध्याकाळी तेवढंच चाललं. शेवटी बॅगा तोलायचा काटा दोरीला अडकवला: दोरी 45 सेंटीमीटर ओढली की 5 किलोच्या जरा खाली. लेकीला झेपतं, फारसं दमत नाही. मला वाटलं होतं चुकून सगळंच खरवडून टाकीन.

मग चपडा, म्हणजे लाखेच्या पापड्या, स्पिरिटमध्ये विरघळवून, मलमलीत कापूस गुंडाळलेल्या बोळ्यानं पाच पातळ हात. प्रत्येक हातानंतर नुसता हात फिरवून बघत होते. कदाचा विरलेला किरमिजी रंग त्यातून असा उजळला की सासूबाई देवघरातून उठून बघायला आल्या. मुठीला सुती दोरी गुंडाळली.

आता रोज संध्याकाळी गच्चीवर भुशाचं पोतं समोर असतं. बाणांना रबरी टोकं लावली आहेत. बाण न लावता ताण सोडायचा नाही, हा तुमचा नियम लेक मलाच रोज ऐकवते. खेळ झाला की दोरी उतरवायची, याची मात्र अजून मला तिला आठवण करावी लागते.

पैसे विचारले तेव्हा तुम्ही "खेळण्याचे काय घ्यायचे" म्हणून रंध्याकडे वळलात. मी तेव्हा काहीच बोलले नाही, म्हणून आता मनापासून आभार मानते. तुमची काच अजून माझ्याकडे आहे. येत्या शनिवारी आणून देते. लेक कामठा घेऊन बरोबर येईल, तो बुडबुडा बघून काय ते सांगा.

तुमची,
तेल लावणारी ताई