दहापैकी किती दुखतंय?

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगितलं असतं, पण आई मध्येच रडायला लागली असती आणि बाबा, तुम्ही "आता बरं आहे ना, मग झालं" म्हणून फोन आईकडे दिला असता, म्हणून लिहायला बसलेय. आधी हे वाचा की मी बरी आहे, घरी आहे, पिल्लू शेजारी झोपलंय आणि काळजी करण्यासारखं आता काही उरलेलं नाही. पण दोन आठवड्यांपूर्वी मला पहाटे इमर्जन्सीत न्यावं लागलं होतं. मुतखडा. तुम्हाला तेव्हा कळवलं नाही, त्याबद्दल माफ करा, ते चुकलंच माझं आणि का चुकलं तेच सांगायचंय.

रात्री अडीचला जाग आली ती डाव्या कुशीत, बरगडीच्या खाली मागच्या बाजूला काहीतरी दाबून धरल्यासारखं वाटून. गॅस असेल म्हणून कूस बदलली, मग दुसरी बदलली, मग उठून बसले, उभी राहिले, ओणवी झाले, कशातच आराम नाही. अशी कळ मी कधी पाहिली नव्हती. आई, बाळंतपणात कळ येते आणि जाते, मधे श्वास घ्यायला जागा मिळते आणि शेवटी काय आहे ते माहीत असतं. इथे मागून सुरू झालेली कळ पोटावरून खाली पार जांघेपर्यंत उतरायची, थोडी सैल पडली असं वाटेपर्यंत परत वर यायची आणि ही संपणार कधी, मुळात हे आहे काय, काहीच कळत नव्हतं. आणि मी काय केलं, तर बाथरूमचं दार लावून फरशीवर बसून राहिले. अडीच तास. तुमच्या जावयाला सकाळी लवकर निघायचं होतं, पिल्लू उठेल, उगाच सगळ्यांची झोप मोडेल, हे डोक्यात. शेवटी पाचला उलटी झाली, त्या आवाजाने तो उठला आणि मला बघून त्याचा चेहराच उतरला. शेजारच्या काकू पिल्लूपाशी येऊन बसल्या आणि आम्ही निघालो.

तिथे गेल्या गेल्या सिस्टरने विचारलं, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही, तर दहापैकी किती दुखतंय? मी म्हटलं, "पाच... सहा असेल." का म्हटलं देव जाणे, घामाने कपडे भिजलेले, सरळ उभं राहता येत नव्हतं आणि तोंडातून सहा आलं. तिने सहा लिहून घेतलं आणि खुर्चीवर बसवलं. तेवढ्यात एक अपघाताची केस आली आणि सगळे तिकडे धावले, त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही, मी सांगितलेल्या आकड्याप्रमाणेच ते वागले. वीस मिनिटांनी तुमचा जावई सिस्टरला जाऊन म्हणाला, ती खोटं बोलतेय, दहा आहे. तिने वळून बघितलं तेव्हा मी खुर्चीवर डोकं टेकवून खाली गुडघ्यावर बसले होते.

मग डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन दिलं आणि पंधरा-वीस मिनिटांत, आई, खरंच सांगते, मी रडले ते दुखणं थांबलं म्हणून रडले.

डॉक्टर बाई फार शांतपणे समजावणाऱ्या होत्या. मला वाटायचं खडा टोचतो म्हणून दुखतं. तसं नाही. किडनीतून लघवीच्या पिशवीकडे जाणारी नळी २५-३० सेंटीमीटर लांब असते पण आतून जेमतेम ३-४ मिलीमीटर रुंद, त्यात खडा अडकला की मागे लघवी तुंबते, किडनी फुगते, तिच्यावरचं आवरण ताणलं जातं आणि नळी खडा पुढे ढकलायला आवळत राहते, म्हणून कळा. किडनीच्या आणि पोटाच्या नसा एकाच ठिकाणी जाऊन मिळतात म्हणून उलट्या. ते इंजेक्शन नुसतं दुखणं दाबत नाही, ज्या द्रव्यामुळे किडनीतला दाब वाढतो तेच कमी करतं. हे कळल्यावर मला निम्मं बरं वाटलं, कारण तोपर्यंत मनात नको नको ते येत होतं.

लघवी तपासली तर त्यात रक्त होतं, डोळ्याला दिसत नव्हतं पण होतं. रक्त घेतलं क्रिएटिनिनसाठी, म्हणजे किडनी नीट काम करतेय का ते बघायला, प्रेग्नन्सी टेस्ट केली आणि मग सीटी स्कॅन, त्याला कुठलं औषध टोचावं लागलं नाही, पाच मिनिटांत झाला. डाव्या बाजूला ६ मिलीमीटरचा खडा, नळी जिथे पिशवीला मिळते तिथे अडकलेला. ५ मिलीमीटरच्या आतले बहुतेक आपोआप पडतात, १० च्या वरचे क्वचितच, माझा मधला, म्हणजे पडेलही किंवा नाहीही. ताप नव्हता, क्रिएटिनिन नॉर्मल होतं, म्हणून संध्याकाळी घरी सोडलं. नळी सैल करणारी टॅम्सुलोसिनची गोळी, वेदनाशामक आणि प्रत्येक वेळी लघवी गाळून बघायची. नवव्या दिवशी पडला. नखावर मावेल एवढा तपकिरी, खरखरीत. तो तपासायला दिला, कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला, सगळ्यात जास्त सापडतो तो हाच. आता पाणी एवढं प्यायचं की दिवसाला अडीच लिटर लघवी झाली पाहिजे आणि मीठ कमी. आई, तू आता म्हणशील की कॅल्शियम बंद कर, तर नाही, ते उलटं आहे, ऑक्झलेट हे जेवणातूनही पोटात जातं आणि जेवणातलं कॅल्शियम त्याला आतड्यातच धरून ठेवतं, ते बंद केलं तर ऑक्झलेट जास्त शोषलं जातं. आणि एकदा झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना दहा वर्षांत परत होतो, म्हणून मी हे सगळं मनावर घेतलंय.

आता बाबा, तुमच्याशी बोलायचंय. डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात कुणाला मुतखडा झालाय का, कारण रक्ताच्या नात्यात असेल तर शक्यता वाढते. मी पटकन नाही म्हटलं. मग सलाईन चालू असताना पडल्या पडल्या आठवलं. मी सहावी-सातवीत असेन, रात्री पाणी प्यायला उठले तर तुम्ही स्वयंपाकघरात फरशीवर, भिंतीला पाठ लावून, पाय पोटाशी घेऊन बसला होतात. मला बघून म्हणालात, "जा झोप, पाठ भरून आलीय." सकाळी दाढी करून वेळेवर ऑफिसला गेलात. मी बाथरूमच्या फरशीवर अगदी तशीच बसले होते. हे मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाहीये. तुम्ही आमच्यासाठी सहन केलंत हे मला कळतं आणि त्याने माझा जीव तुटतो. पण मी ते सहन करणंच शिकले आणि सहा म्हणाले.

डॉक्टरांना मी सांगितलं की माझे आई-बाबा सत्तरीला आलेत आणि दोघंही काही सांगत नाहीत. तेव्हा त्या खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, साठीनंतर कुशीत किंवा पाठीत असं पहिल्यांदाच दुखलं तर मुतखडाच असेल असं धरून घरी बसायचं नाही, पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगून फुटायला आली तरी अगदी असंच दुखतं आणि तिथे तास मोजायला वेळ नसतो. आणि मुतखडा असला आणि थंडी वाजून ताप आला तर तुंबलेल्या लघवीत जंतू झालेत, ते रक्तात पसरतात, नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, नळी टाकून मोकळं करावंच लागतं, लगेच. वय झालेल्यांना कधी कधी ताप येतही नाही, नुसतं गोंधळल्यासारखं होतं. लघवी बंद झाली, पाणीसुद्धा पोटात टिकेना, तरी तेच, सकाळची वाट बघायची नाही. हे मी तुम्हाला घाबरवायला नाही सांगत. तुम्ही दोघं "बघू सकाळी" म्हणणारी माणसं आहात, म्हणून सांगतेय.

आई, तू गुडघ्यांसाठी ज्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेतेस, त्या रोज घेतल्या तर किडनीवर ताण येतो, बीपीच्या काही गोळ्यांबरोबर तर जास्तच. एकदम बंद करून दुखणं अंगावर काढ असं मी म्हणत नाहीये, सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखव आणि क्रिएटिनिन करून घे. आणि रात्री उठावं लागतं म्हणून संध्याकाळी पाचनंतर पाणी बंद करतेस ना, मला माहितीये. वयाने तहान कमी लागते, त्यामुळे तुला कळणारही नाही की कमी पडतंय. रात्रीचं टाळायचं तर सकाळपासून दुपारपर्यंत भरपूर पी. बाबांच्या हृदयाच्या गोळ्या चालू आहेत, तर त्यांनी किती प्यायचं ते मात्र डॉक्टरांनाच विचारा, मनाने वाढवू नका.

मी तुम्हाला त्या दिवशी फोन केला नाही, कारण तुम्हाला त्रास नको. तुम्ही मला करत नाही, कारण मला त्रास नको. मी आता करणार आहे, रात्री दोनलाही, तुम्हीही करा. "बरं आहे" हे उत्तर मला चालणार नाही, मी दहापैकी किती म्हणून विचारेन आणि खरा आकडा पाहिजे.

शनिवारी सकाळी फोन करते. बाबा, त्या रात्री तुम्हाला नक्की काय झालं होतं ते मला सांगा, मला माझ्या डॉक्टरांनाही सांगायचंय. आई शेजारी असली तरी सांगा, तिलाही माहीत नसेल.

तुमची,
लेक