महिला माजी सैनिकांची स्वतंत्र नोंद हवी

महोदय,

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून 30 मे 2025 रोजी 17 महिला छात्रांची पहिली तुकडी बाहेर पडली. त्या संचलनाची छायाचित्रे पाहताना मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येणार नाही. परंतु या मुली ज्या दिवशी गणवेश उतरवतील, त्या दिवसाची तयारी आपल्या व्यवस्थेने केलेली नाही, हे अल्पसेवा कमिशनवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या अधिकारीपदावर, 14 वर्षे लष्करात काम करून सेवामुक्त झाल्यावर मी स्वतः अनुभवले आहे आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

माजी सैनिक म्हणून नाव नोंदवण्यासाठी मी एका जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात गेले, तेव्हा खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने अत्यंत सौजन्याने विचारले, "साहेबांचं डिस्चार्ज बुक आणलंय का?" साहेब म्हणजे माझे पती, आणि ते महाविद्यालयात शिकवतात. सैनिक मी आहे, हे सांगून माझा सेवामुक्तीचा आदेश पुढे केल्यावर त्यांनी पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, मागितला. मला पेन्शनच नाही, तर पेन्शनचा आदेश कुठून आणणार? अर्जात 'पत्नीचे नाव' असा छापील रकाना होता. तो खोडून मी वर हाताने 'पतीचे नाव' असे लिहिले. नाव नोंदवले जाईपर्यंत तीन खेपा झाल्या. त्या कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही. त्यांच्या खिडकीशी येणाऱ्या स्त्रिया बहुतेक सैनिकांच्या पत्नी, वीरपत्नी किंवा वीरमाता असतात आणि त्यांच्यासाठी ही कार्यालये जे काम करतात त्याचे मोल मी जाणते. मात्र जिने स्वतः नोकरी केली, तिची कल्पनाच त्या अर्जात नाही.

या अडचणीचे मूळ पेन्शनच्या नियमात आहे. वैद्यकीय आणि परिचर्या सेवांखेरीज लष्कराच्या इतर शाखांमध्ये महिलांना अधिकारी म्हणून 1992 पासून प्रवेश मिळाला. त्यांची मुदत आधी पाच वर्षे होती, पुढे ती वाढत 14 वर्षांपर्यंत गेली. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी मात्र 20 वर्षे सेवा लागते. म्हणजे पेन्शनच्या उंबरठ्याच्या सहा वर्षे अलीकडेच आम्हाला निरोप दिला जात होता आणि कायम कमिशनचा मार्ग दीर्घकाळ बहुतेक शाखांमध्ये बंद होता. सर्वोच्च न्यायालयाने 17 फेब्रुवारी 2020 रोजी लष्कराबाबत आणि त्यानंतर महिन्याभरातच नौदलाबाबत तो मोकळा केला. नोव्हेंबर 2022 मध्ये त्याच न्यायालयाने हवाई दलातील 32 महिला अधिकाऱ्यांना, त्या सेवेबाहेर पडलेल्या असतानाही, 20 वर्षे सेवा झाली असे मानून पेन्शनसाठी विचारात घेण्यास सांगितले. ज्या न्यायालयात गेल्या त्यांना न्याय मिळाला. ज्यांना संसार, मुलांच्या शाळा आणि नव्या नोकरीच्या धावपळीत ते जमले नाही, त्या आजही पेन्शनविना आहेत. माझ्या मते सरकारने प्रत्येकीला खटला लढायला न लावता, समान स्थितीतील सर्व महिला अधिकाऱ्यांना त्याच तत्त्वाचा लाभ आपणहून द्यायला हवा.

पेन्शन नसली तरी काही सवलती आहेत आणि त्यांची माहिती पोहोचत नाही, हे अधिक क्लेशदायक आहे. ईसीएचएस ही आरोग्य योजना 2003 मध्ये सुरू झाली, पण अल्पसेवा अधिकाऱ्यांना एकरकमी वर्गणी भरून तिचे सदस्य होण्याची मुभा 2019 मध्ये मिळाली. माजी सैनिकांच्या घराला मालमत्ता करातून माफी देण्याची राज्य शासनाची योजना 2020 पासून आहे. राज्याच्या नोकरभरतीत गट क आणि गट ड मध्ये माजी सैनिकांसाठी 15 टक्के समांतर आरक्षण आहे. माझ्या ओळखीच्या दोघी सेवामुक्त होऊन कित्येक वर्षे झाली तरी मालमत्ता करमाफीसाठी आपणही अर्ज करू शकतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. ती पतीच्या नोकरीवरून मिळणारी सवलत आहे, असाच त्यांचा समज होता. पुनर्वसनाच्या मार्गांबद्दलही बोलायला हवे. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या संस्था, पेट्रोल पंप, सीएनजी स्टेशन हे मार्ग पुरुष सैनिक डोळ्यांसमोर ठेवून आखलेले आहेत. लहान मूल असलेल्या, बदल्यांमुळे शिक्षण अर्धवट राहिलेल्या स्त्रीला त्यातले काय झेपेल, याचा विचार त्यात दिसत नाही.

आता हा प्रश्न केवळ अधिकाऱ्यांचा राहिलेला नाही. लष्करी पोलीस दलात महिला जवान 2021 पासून आहेत. ओडिशातील आयएनएस चिल्का येथून मार्च 2023 मध्ये 273 महिला अग्निवीरांनी नौदलाचे प्रशिक्षण पूर्ण केले. नोव्हेंबर 2022 मध्ये दाखल झालेल्या या मुलींची अग्निपथ योजनेतील चार वर्षांची मुदत नोव्हेंबर 2026 मध्ये पूर्ण होते. फार तर चौथा हिस्सा पुढे कायम राहील. उरलेल्या सेवानिधीची एकरकमी रक्कम घेऊन विशीतच घरी परततील आणि योजनेच्या नियमांनुसार त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. त्यांच्यासाठी कोणती खिडकी असेल?

माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. पुण्यातील सैनिक कल्याण विभागाने राज्यातील महिला माजी सैनिकांची जिल्हावार स्वतंत्र नोंद करावी, अर्जांत 'पती/पत्नी' असा रकाना छापावा, पीपीओऐवजी सेवामुक्तीचा आदेश ग्राह्य धरण्याची लेखी सूचना सर्व जिल्हा कार्यालयांना द्यावी आणि प्रत्येक महसुली विभागात निदान एक महिला कल्याण संघटक नेमावी. ते होईपर्यंत माझ्यासारख्या सेवामुक्त भगिनींना विनंती आहे की पेन्शन नाही म्हणून घरी बसू नका. सेवामुक्तीचा आदेश, ओळखीचा पुरावा आणि छायाचित्रे घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि नोंद झाल्याचा क्रमांक हातात घेतल्याशिवाय परतू नका.

– एक सेवामुक्त महिला लष्करी अधिकारी, पुणे