तांबी निसटली तेव्हा घाबरले नाही, ते तुमच्यामुळे

आदरणीय सिस्टर,

बाळाचा दुसरा वाढदिवस झाल्यावर पेढे घेऊन दवाखान्यात आले, तर तुमची बदली झालेली. आशाताईंनाही नवा पत्ता माहीत नाही. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय, कुठून तरी तुमच्यापर्यंत पोचेलच.

मी तुमची पाच नंबरच्या खाटेवरची. थोरली आठ महिन्यांची असताना पुन्हा दिवस गेलेली. अंगावर पाजतेय, पाळी आलेली नाही, मग काय होणार, असं मला वाटायचं. पाळी परत येण्याआधीच दिवस जाऊ शकतात, हे मला पहिल्यांदा तुम्ही सांगितलंत, तेही न रागावता.

सातव्या महिन्यात, 9 तारखेच्या तपासणीला, तुम्ही तांबीचा, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून गर्भपिशवीत बसवतात त्या कॉपर-टीचा, विषय काढलात. कळा सुरू झाल्यावर नाही, हे मला फार मोठं वाटतं. माझ्या मावसबहिणीला एका ठिकाणी न विचारताच बसवली होती, तिला कळलं ते महिन्याभराने. तुम्ही मात्र आधी ऐकून घेतलंत, यांनाही बोलावलंत, आणि मी हो म्हटल्यावरच कार्डावर लिहिलंत. वर म्हणालात, "टेबलावर आल्यावर नको वाटलं तर तेव्हाही सांग."

सासूबाईंचं म्हणणं, तांबी काळजात चढते. तुम्ही हसला नाहीत. कागदावर पिशवी काढून दाखवलीत: ही इथे राहते, यात औषध नाही, हार्मोन नाही, दुधावर परिणाम नाही, तांब्यामुळे पुरुषबीज निकामी होतं, बस. तिच्या नावातला 380 हा आकडा मला किंमत वाटला होता. तो तांब्याच्या पृष्ठभागाचं माप निघाला, चौरस मिलिमीटरमध्ये. दहा वर्षं चालते, आणि मूल हवं झालं तर कधीही काढता येते.

पण खरे आभार मानायचेत ते पुढच्या वाक्यासाठी. "वार पडल्यावर दहा मिनिटांत बसवली तर तुला पुन्हा यायला नको. पण पिशवी आवळत लहान होते ना, त्यात शंभरातल्या दहाएक जणींची सरकते. दोरा किंवा टोक हाताला लागलं तर ओढू नकोस, इकडे ये."

बाळंत झाल्यावर लगेच बसवली, आणि विसाव्या दिवशी आंघोळीच्या वेळी बोटाला टोक लागलं. हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी रडून घर डोक्यावर घेतलं असतं. सासूबाईंनी तर "बघ, सांगितलं होतं" म्हणायला तोंड उघडलंच होतं. मी म्हटलं, हे दहातलं आहे, आणि रिक्षा बोलावली.

तुम्ही ती काढलीत, ताप आहे का, घाण वास येतोय का विचारलंत, "तुझं काही चुकलं नाही" म्हणालात, आणि यांच्या हातात निरोधची पाकिटं ठेवलीत. (यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.) सव्वा महिना उलटल्यावर, दिवस गेलेले नाहीत ना बघून, दुसरी बसवलीत. तेव्हाही लपवलं नाहीत: पिशवीला छिद्र पडणं हजारात एखादीला, पण अंगावर पाजणाऱ्या बाईत ती शक्यता जरा वाढते, म्हणून सावकाश बसवायची. पोटात सहन होणार नाही असं दुखलं तर रात्री-अपरात्रीही यायचं.

पाळी सुरू झाली तेव्हा पहिले तीन-चार महिने जास्त गेलं, पोटही दुखायचं. तेही तुम्ही आधीच बोलला होतात, त्यामुळे कढण पीत, लोहाच्या गोळ्या घेत काढले. आता सगळं ठीक आहे.

परवा शेजारची सून सातव्या महिन्यात आहे म्हणून आली होती. सासूबाई तिला सांगत होत्या, "काळजात-बिळजात काही जात नाही गं, पण निसटू शकते, ते लक्षात ठेव." मी आतून ऐकत होते.

कुठे आहात ते कळवा. पेढे पाठवायचे राहिलेत.

तुमची,
पाच नंबरवाली