मार्दोळच्या बाईंना, लिस्बनहून परतल्यावर

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

मोपा विमानतळावर उतरून आज अकरा दिवस झाले. पहिल्याच रविवारी मार्दोळला यायचं मनात होतं, पण घरी पोचले तीच ताप घेऊन, आणि ताप उतरतो न उतरतो तोच कॉलेजला द्यायचा अहवाल पुढ्यात आला. आमच्या आठ दिवसांच्या अभ्यासदौऱ्याला हातभार लावणाऱ्या सगळ्यांची नावं त्या अहवालात आली. तुमचं आलं नाही. तुमचा दौऱ्याशी अधिकृत संबंध नव्हता, असं मला सांगण्यात आलं. ते मला पटलेलं नाही, म्हणून हे पत्र बंद पाकिटातून न पाठवता सर्वांना वाचता येईल असं लिहितेय.

फेब्रुवारीत दौरा ठरला तेव्हा कार्यक्रमात बेलेंचा बुरूज होता, जेरोनिमुशचा मठ होता, ट्राम होती, नदीकाठ होता. आणि मध्येच कुठेतरी एक ओळ होती: वर्तमानपत्र कार्यालयास भेट. कुठलं वर्तमानपत्र, कोण भेटणार, काय विचारायचं, काहीच ठरलेलं नव्हतं, आणि आम्ही तर पत्रकारिता शिकणारी मुलं. मी इंग्रजीत तीन ठिकाणी पत्रं धाडली. दीड महिना गेला, एकाचंही उत्तर नाही. तेव्हा आईने तुमचं नाव काढलं. म्हणाली, "मार्दोळच्या बाईंकडे जा. त्यांचा सेगुंद ग्राव, म्हणजे पोर्तुगीज शाळेतली परीक्षा, झालेला आहे, पोर्तुगीज त्यांना अजून तोंडपाठ आहे."

त्या संध्याकाळी तुम्ही सोप्यावर सुपात जाईच्या कळ्या घेऊन बसला होता. माझं इंग्रजी पत्र तुम्ही चष्मा वर सरकवून वाचलंत आणि एवढंच म्हणालात, "बाये, हें पत्र न्हय. हो अर्ज." मग वही मागितलीत आणि कळ्या गुंफता गुंफता अकरा ओळी सांगितल्यात. पहिल्या ओळीत आमच्या कॉलेजचं नाव नव्हतं. तिथे होतं की आम्ही गोव्याहून येतोय, जिथे १५५६ साली भारतातला पहिला छापखाना आला. तो निघाला होता अबिसीनियाला, राहिला मात्र गोव्यात, आणि त्याचं जहाज लिस्बनच्याच तेजू नदीतून सुटलं होतं. ते पत्र मी पाठवलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं, तेही एका निवृत्त पत्रकाराचा होकार घेऊन. माझ्या तीन पत्रांत मी आमच्याविषयी लिहिलं होतं. तुमच्या पत्रात त्यांच्याविषयी आणि आपल्याविषयी एकाच वाक्यात होतं. बातमीची पहिली ओळ कशी लिहावी यावर मी वर्गात बरंच ऐकलंय, पण समजलं ते तुमच्या सोप्यावर.

त्यानंतरचे नऊ रविवार. पांव म्हणताना नाकातून सूर कसा काढायचा, 'ल'ला 'य' चिकटवून जीभ टाळ्याला कशी लावायची. जनेल, मेज, कुलेर हे आपल्या घरातलेच शब्द तुम्ही पुढे केलेत आणि म्हणालात, अर्धी भाषा तुला येतेच, फक्त माहीत नाही. पगार, चावी, फीत, घमेलं यांची मुळंही तुम्हीच दाखवलीत. आणि एक शब्द तुम्ही मुद्दाम शेवटी ठेवला होतात: तुरुंग. तोही तिकडूनच आला, ट्रोंकुवरून. तेवढं सांगून तुम्ही थोडा वेळ काहीच बोलला नाहीत.

मग ट्रंक उघडलीत. तुमच्या बाबांनी जपलेले अंक, आणि त्यांच्या खाली तुमच्या थोरल्या बहिणीची १९५८ची लग्नपत्रिका. पोर्तुगीज राजवटीत लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरकडे न्यावी लागायची, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण तुमचे बाबा आठ दिवस पणजीला खेपा घालत होते, तिकडे आचारी ठरला होता, मंडपाचे माड तोडून ठेवले होते आणि पत्रिका मात्र कुणाच्या तरी टेबलावर पडून होती, हे पुस्तकात कुठून असणार? जुन्या अंकाच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेल्या एका शब्दावर तुम्ही दोऱ्याला बांधलेलं भिंग ठेवलंत. 'विझादु'. तपासलं, चालेल. तुम्ही म्हणालात, "पेपर उघडला की आधी हा शब्द शोध. मग बातम्या वाच. आणि वाचताना विचार, इथे आधी काय होतं?"

बाई, लिस्बनमध्ये मी आठ दिवस तेवढंच करत फिरले.

शहर सुंदर आहे, आणि आपल्याला ते फार परकं वाटत नाही. पायाखाली काळ्या-पांढऱ्या दगडांची नक्षी, चढ-उताराच्या गल्ल्या, खिडक्यांतून वाळत घातलेले कपडे. पणजीच्या फोंतेन्यशमधून चालल्याचा भास होतो, फक्त सगळं दहापट. १७५५ च्या भूकंपात जे पडलं आणि तेव्हाचा मंत्री पोंबाल याने जे सरळ रेषेत पुन्हा बांधलं, तो सखल भाग आणि शेजारचा जुना आल्फामा यांतला फरक चालताना पायांनाच कळतो. बेलेंच्या घाटावर सगळे फोटो काढत होते. मी नदीकडे बघत १५५६ चं ते जहाज मनात सोडत होते.

पण मला खरी ओढ होती बाइरु आल्तू या जुन्या वस्तीची. तिथे एका गल्लीचं नाव 'दियारियु द नोतीसियश' हे वर्तमानपत्राचंच नाव आहे. १८६४ साली ते तिथेच सुरू झालं. जवळच सेक्युलु नावाचा रस्ता, तोही एका दैनिकावरून. एकेकाळी या चढावर छापखानेच छापखाने होते; आता खानावळी आणि मद्यालयं आहेत. वर बागेत पोचलं की 'दियारियु'च्या संस्थापकाचा, एदुआर्दु कोएल्यूचा पुतळा दिसतो, आणि त्याच्या खाली पेपर विकणारा पोरगा, ब्राँझचा, तोंड उघडं. संस्थापक वर आहे खरा, पण नजर जाते ती त्या पोराकडेच. दहा रैशला एक अंक, रस्त्यावर ओरडून विकलेला. वर्तमानपत्र सामान्य माणसाच्या हातात पडलं ते अशा पोरांमुळे. मी त्याच्या पायाजवळ बराच वेळ बसले होते. आमच्या शिरोड्यात पहाटे सायकलवरून पेपर टाकणारा मुलगा आठवला. त्याचं नाव मला माहीत नाही, याची तिथे लाज वाटली.

तुमच्या पत्राला होकार देणारे गृहस्थ आम्हाला एका कॅफेत भेटले. वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी, कोट व्यवस्थित. मी तुम्ही शिकवलेल्या चार वाक्यांनी सुरुवात केली तशी त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली. त्यांनी सांगितलेलं मी जसंच्या तसं टिपून घेतलंय. खिळे जुळवून झाले की पानांचे ओले कच्चे ठसे सेन्सॉर समितीकडे जायचे. परत यायचे ते शिक्का घेऊन: मंजूर, काटछाटीसह मंजूर, थांबवलं, किंवा कापलं. काटछाट निळ्या पेन्सिलीने. आणि कापलेली जागा कोरी ठेवायची नाही, कारण कोरी जागासुद्धा बोलते; तिथे दुसरं काहीतरी भरायचं. "भरायला काय घ्यायचं?" असं मी विचारलं. ते म्हणाले, हवामान, जाहिराती, कुठल्या तरी समारंभाची बातमी. मग खिशातून निळ्या पेन्सिलीचा एक तुकडा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. बोटभरसुद्धा नव्हता. आमच्यातल्या कुणीही त्याला हात लावला नाही.

अल्जूबच्या जुन्या तुरुंगात मी एकटी गेले. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत तिथे राजकीय कैदी ठेवत. २०१५ पासून तिथे संग्रहालय आहे. कॅथेड्रलच्या अगदी लगत, ट्राम दारावरूनच जाते. अल्जूब हा मुळात अरबी शब्द, विहिरीचा. एकांतवासाच्या कोठड्या एवढ्या अरुंद की माणूस जेमतेम आडवा होईल. एका दालनात चोरून छापलेली पत्रकं आणि गुप्त छापखान्यांची माहिती. तिथे 'विझादु' कुठेच नव्हतं, आणि त्याची किंमत त्या कोठड्यांत दिसत होती. मी ट्रोंकु म्हटलं, मग तुरुंग म्हटलं. दोन्ही मोठ्याने.

बाहेर पडले तर गटातले सगळे पुढे गेलेले आणि फोन बंद पडलेला. आल्फामातल्या गल्ल्या एकमेकींत शिरतात, त्यात मी अर्धा तास फिरले, अंधारून आलं. घाबरले होते, बाई. एका खिडकीत एक आजी उभ्या होत्या. तुम्ही घोकून घेतलेलं वाक्य म्हटलं: "कों लिसेन्सा, मिन्या सिन्योरा", माफ करा, बाई. त्या खाली उतरल्या, घरातल्याच सपाता पायांत, माझा हात धरला आणि पोर्ताश दु सोलच्या चौकापर्यंत सोबत आल्या. वाटेत त्यांनी विचारलं, पोर्तुगीज कुठे शिकलीस? मी म्हटलं, गोव्यात, एका बाईंकडे. त्यांनी काहीतरी म्हटलं ते मला पूर्ण कळलं नाही, पण गालावर थोपटलं ते कळलं. ते थोपटणं तुमच्यासाठी होतं, म्हणून इथे लिहून ठेवते.

शेवटून दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या हेमेरोतेकात गेलो. जुन्या वर्तमानपत्रांचंच ग्रंथालय. तुम्ही दोन तारखा लिहून दिल्या होत्यात.

पहिली, डिसेंबर १९६१. खंड उघडला आणि तुम्ही सांगितलेल्या क्रमाने गेले. आधी तो शब्द. होता. मग बातम्या. आपण ज्याला मुक्ती म्हणतो, १९ डिसेंबरला ज्याची सुट्टी असते, त्याला तिथे 'इन्व्हाझांव' म्हणतात, आक्रमण. एकाच दिवसाची दोन नावं, आणि दोन्हींच्या मध्ये चौकटीतला तो छोटा शब्द. तुम्ही तेव्हा सोळा वर्षांच्या होता ना? मला त्या पानावर तुमचा सोपा दिसत होता, आणि पानात तो नव्हता.

दुसरी, २५ एप्रिल १९७४. त्या रात्री १२ वाजून २० मिनिटांनी रेडिओवर एक गाणं लागलं, तो सैनिकांना इशारा होता. दिवस मावळायच्या सुमारास राजवट कोसळली. त्या दिवशीच्या 'रेपुब्लिका' या दैनिकाच्या पहिल्या पानाच्या तळाशी लाल अक्षरांत एक ओळ आहे: हे वर्तमानपत्र कुठल्याही सेन्सॉर समितीने तपासलेलं नाही. ती वाचताना मला शब्दकोश लागला नाही. त्याच वर्षाच्या शेवटी, ३१ डिसेंबरला, पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व करार करून मान्य केलं. म्हणजे ती लाल ओळ आपल्याही घरापर्यंत आलेली आहे. हे मला तुम्ही आधी सांगितलं नव्हतंत. मुद्दाम, असं वाटतं.

एक गोष्ट राहून गेली, ती लपवत नाही. पेनिशला जाता आलं नाही. गोवा मुक्तिलढ्यातल्या टी. बी. कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर यांना जिथे डांबलं होतं तो समुद्रावरचा किल्ला बघून ये, असं तुम्ही दोनदा सांगितलं होतंत. २०२४ पासून तिथे राष्ट्रीय संग्रहालय उघडलंय. आमच्या कार्यक्रमात तो दिवस खरेदीला दिलेला होता. मी बदलून मागितला, पण सगळ्यांची तयारी नव्हती आणि एकटीने तेवढ्या लांब जायला सरांनी परवानगी दिली नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. पुढच्या वर्षी जाणाऱ्या मुलांना मी हे आत्ताच सांगतेय: आधी पेनिश मागून घ्या. आणि तिकिटं काढायच्या आधी आपल्या गावात, आपल्या वाड्यावर, तिथली भाषा अजून बोलणारं माणूस शोधा. गोव्यात अशी माणसं आता फार उरलेली नाहीत.

बाई, तुम्ही माझ्याकडून एक पैसा घेतला नाहीत. नवव्या रविवारी मी आणलेली साडीही परत केलीत, आणि म्हणालात, त्यापेक्षा ते पान आण. 'रेपुब्लिका'च्या त्या पहिल्या पानाची प्रत माझ्याकडे आहे. अक्षर बारीक होतं म्हणून फोंड्याच्या बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठं करून घेतलंय, रंगीत, लाल ओळ लालच दिसेल अशी. गुंडाळी करून ठेवलीय, घडी घातलेली नाही. या रविवारी दहा वाजता घेऊन येते. भिंग काढून ठेवा. तळाची ती ओळ तुम्ही मोठ्याने वाचा, मी ऐकते.

तुमची विद्यार्थिनी,
शिरोडा