एक कुंपण, ऐंशी मालक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेतजमिनीच्या वाटण्यांचा विषय निघाला की मला फ्रान्समधील एका द्राक्षमळ्याची हकिकत आठवते. बरगंडीतील ‘क्लो द वूजो’ हा मळा बाराव्या शतकापासून सितो मठाच्या साधूंनी दानाने आणि खरेदीने जोडत नेला व त्याभोवती दगडी भिंत घातली. राज्यक्रांतीत, 1790 साली, तो सरकारजमा झाला आणि लगेच विकला गेला. 1818 मध्ये ज्यूल उव्रार यांनी घेतल्यानंतर तो सुमारे सत्तर वर्षे अखंड राहिला. 1889 मध्ये मात्र सहा मद्यव्यापाऱ्यांनी मिळून तो विकत घेतला आणि पुढे विक्री व वारसाहक्काने तो असा फुटत गेला, की जेमतेम 50 हेक्टरांत आज सुमारे 80 मालक आहेत आणि काहींच्या वाट्याला वेलींच्या मोजक्याच ओळी येतात.

खरी गोम पुढेच आहे. चढावरची जमीन चुनखडीची, निचऱ्याची. खाली हमरस्त्यालगतची चिकण, पाणी धरून ठेवणारी. तरीही 1937 मध्ये भिंतीआतील सगळ्याच जमिनीला सर्वोच्च दर्जा मिळाला (भिंत साधूंनी घातली, तिचा लाभ मात्र ऐंशी जणांना!). परिणामी जाणकार ग्राहक बाटलीवर मळ्याआधी उत्पादकाचे नाव पाहतो. आपल्या 1947 च्या तुकडेबंदी कायद्याचा भर क्षेत्रफळावर आहे. परंतु द्राक्षबागेची वाटणी करताना गुंठ्यांइतकाच मातीचा आणि निचऱ्याचाही विचार भावाभावांनी करावा, असे मला वाटते.

आपला,
एक वाचक, नाशिक