घसरगुंडी उन्हात, सावली ओस

महोदय,

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून नातवंडं आली की त्यांना जळगाव शहराच्या कडेच्या वनउद्यानात नेणं ठरलेलंच. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या घरात जातो. अशा दिवसांत कडुनिंबाखाली, अंजनाखाली पाऊल टाकलं की जीवात जीव येतो. अंजन तर खान्देशचंच झाड म्हणा ना! मुरमाड, उथळ जमिनीत तग धरतं, लाकूड अतिशय टणक, पाला गुरांना चालतो. एकेका देठावर दोन पानं जोडीनं येतात. नातीनं ती ‘फुलपाखरं’ म्हणून वहीत ठेवली.

खेळण्यांचा भाग मात्र ऐन उघड्यावर. पत्र्याची घसरगुंडी संध्याकाळी पाचलाही अशी तापलेली, की धाकटा बसला आणि ‘माय वं!’ करत उठला. थोड्याच अंतरावर गार सावली, आणि तिथली बाकं रिकामी! मुलांच्या छोट्या रेल्वेवर कर्ण्यातून गाणी कशाला, तेही कळेना. पाखरं ऐकायला आलेल्यांनी जायचं कुठं?

खेळणी झाडांखाली हलवणं खर्चाचं असेल, तर निदान वर हिरवी जाळी तरी बांधावी. उन्हाळ्यात दार रात्री नऊपर्यंत उघडं ठेवलं तर कामावरून परतलेले आईबापही मुलांना आणतील. झाडांवर मराठी नावांच्या पाट्या हव्यात, पण खोडात खिळे ठोकून नव्हे. आणि फाटकाशी पाण्याचा माठ ठेवाच. आत बाटलीबंद पाण्याशिवाय काही मिळत नाही.

— एक निवृत्त शिक्षिका, जळगाव